भाऊजी, आंबील कुणाची?

भाऊजी, काल तुमचा तेरावा झाला. तुमची पाककृतींची पुस्तिका ज्यांनी छापली ते पुण्याचे गृहस्थ आले होते. जेवणाआधी ओसरीवर उभे राहून ते चार शब्द बोलले. म्हणाले, "आपल्या मावळातल्या नाचणीचा शोध या माणसानं स्कॉटलंडात लावला." गावकऱ्यांनी माना डोलावल्या. मी आत पुऱ्या तळत होते. झारा हातातच राहिला आणि कढईतला सगळा घाणा काळा झाला.

शोध म्हणे! विंझरच्या डोंगरउताराला नाचणी काय तुम्ही विलायतेहून परत आल्यावर उगवायला लागली? मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून जात्यावर काय दळत होते, वाळू? आणि माझ्या आधी सासूबाई, त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई? इतक्या जणींच्या तळहातांना घट्टे पडले, तेव्हा काही शोध लागला नाही. तो लागला एका गोऱ्या बाईच्या चुलीपाशी. शेजारच्या बायका मला सकाळपासून सांगताहेत की गेलेल्या माणसाला बोल लावू नकोस. लावणार. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट काही ठेवायची मला सवय नाही. माझे वडील कामथडीच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी मला लिहायला शिकवलं. त्या लिहिण्यापायीच हे सगळं झालं, तेव्हा शेवटचं पत्रही मीच लिहिते.

मी आले तेव्हा तुम्ही भोरला मावशीकडे राहून शाळा शिकत होतात. सुट्टी संपली की मी तुम्हाला वाटेसाठी भाकऱ्या बांधून द्यायचे. नाचणीच्या, वर कारळ्याची चटणी. ते फडकं तुम्ही दोन बोटांत धरायचात.

"वयनी, गव्हाची पोळी न्हाई का? भोरची पोरं हसत्यात मला. म्हनत्यात, ह्यो शेणी खातो."

गहू आपल्या घरात सणाला यायचा, तो मी रोज कुठून आणणार होते? पुढे माझ्या भावानं मला सांगितलं की कामथडीच्या ओढ्याशी बसून तुम्ही फडकं सोडायचात आणि भाकऱ्या एकेक करून पाण्यात टाकून द्यायचात. त्या वर्षी कामथडीचे मासे चांगले पोसले असतील. मी तुम्हाला कधी कळू दिलं नाही, पण ज्या दिवशी कळलं त्या दिवशी माझ्याने जेववलं नाही. पहाटे उठून भाजलेल्या भाकऱ्या होत्या त्या.

मग तुमची पुण्याची शेतकी शाळा झाली, शिष्यवृत्ती मिळाली आणि तुम्ही स्कॉटलंडला गेलात. पहिली दोन पत्रं तुमच्या दादांना, खाली एका ओळीत वहिनींस नमस्कार. तिसरं पत्र थेट मला आलं. "वहिनी, इथं सगळं उकडलेलं असतं. बटाटा उकडलेला, कोबी उकडलेला, मासासुद्धा उकडलेला. मी फार वाळलोय." मी ते वाचून दाखवलं तेव्हा हे हसले आणि म्हणाले, "बरं झालं. आता त्याला भाकरीची किंमत कळंल."

कळली, पण आमच्यामुळे नाही. तुम्ही बिऱ्हाड बदललंत आणि त्या मिसेस गिलमोरबाईंकडे राहायला गेलात. विधवा बाई, उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली. तुम्ही लिहिलंत की बाई लोखंडी तव्यावर ओट नावाच्या धान्याची जाड भाकरी भाजतात, काळपट, खरखरीत, आणि वर लोणी देतात. पहिला घास घेतला आणि तुम्हाला घर आठवलं. पुढे तुम्ही लिहिलंत, "शहरातले लोक या खाण्याला हसतात, वहिनी. पण बाई मान ताठ ठेवून सांगतात की आम्ही हेच खातो, आम्हाला हेच आवडतं. मला आज माझीच लाज वाटली."

ते वाचून मला आनंद झाला, आणि भाजी चिरेपर्यंत रागही आला. एका बाईकडून मान ताठ ठेवायला शिकलात, चांगलं झालं. मग ती बाई विंझरची का चालली नाही? माझी मान कधी खाली होती, भाऊजी? भोरच्या पोरांपुढे खाली गेली ती तुमची.

त्यानंतर ते आंबिलीचं पत्र आलं. बाई ओटाचा कोंडा पाण्यात भिजत घालतात, पाच दिवस ठेवतात, आंबला की गाळतात आणि तळाला साचलेलं शिजवून मीठ घालून पितात. "वहिनी, ही तर आपली आंबील! तुम्ही किती दिवस ठेवता? पाणी किती? मीठ आधी की मागून? सगळं सविस्तर लिहा."

सविस्तर! आम्ही बायका कधी मोजून करतो का? हाताला कळतं, नाकाला कळतं. पण तुम्ही परक्या मुलखातून विचारत होतात, म्हणून मी मापटं घेऊन बसले. पीठ मोजलं, पाणी मोजलं. एक गाडगं चुलीजवळ ठेवलं, एक दाराशी, कुठलं आधी आंबतं ते बघितलं. थंडीत दोन रात्री, उन्हाळ्यात एकच, त्याहून जास्त ठेवली की ती ओतून द्यायची, हे मी तुम्हाला लिहून कळवलं. मग तुमचे प्रश्न थांबेचनात. वरीच्या भाताला पाणी किती, पातळ माडग्यासाठी हुलग्याचं पीठ किती भाजायचं, टाकळ्याची पानं कोवळी कशी ओळखायची. दुपारची भांडी झाली की मी लिहायला बसायचे. पाकीट घेऊन नसरापूरच्या टपालात टाकायला हे स्वतः जायचे, कधी कुरकुर केली नाही. अठरा पत्रं लिहिली मी तुम्हाला. माझ्या माहेरी सगळ्या जन्मात तेवढी लिहिली नाहीत.

परत आलात त्या दिवशी मी मुद्दाम गव्हाच्या पोळ्या केल्या होत्या. तुम्ही ताटाकडे बघितलंत आणि म्हणालात, "वयनी, भाकरी कुठंय?"

"सारा जन्म पोळी पोळी करून माझा जीव खाल्लात, आणि आता भाकरी?"

"व्हय. आन् आंबील बी पायजे. लई दिस वाट बगितलीया."

तुमचे दादा हसून हसून खोकायला लागले. विलायतेहून आलेला माणूस कोट काढून चुलीसमोर पाटावर बसला, तो बसलाच. आपल्या घरात पुरुष माणूस स्वयंपाकघरात फक्त जेवायला येतो. तुम्ही वही घेऊन यायचात. भारंगीची पानं उकडून मी पाणी टाकलं की विचारायचात, पाणी का टाकलं? कडू असतं म्हणून. मग किती वेळा टाकायचं? पाला जून असेल तर दोनदा. ते तुम्ही लिहून घ्यायचात. वर धनगरवाड्यावर जायचात आणि तिथल्या बायकांना लोणी कढवायचं विचारत बसायचात. शिवरे गावच्या पाहुण्यांनी तर यांना तोंडावर विचारलं, "तुमचा भाऊ इलायतेला जाऊन बायकी झाला का काय?" तुम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा वही घेऊन चुलीशी हजर.

खरं सांगते, तो काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ होता. मी हे असं का करते, असं मला त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. बिघडलं की बोलायचे, जमलं की जेवून उठायचे. मला काही येतं, हे मला तुमच्या त्या प्रश्नांनी कळलं. त्याबद्दल तुमचे उपकार मानते मी, मनापासून मानते. तिथेच सगळं थांबलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण लढाई आली. पुण्यात गहू मिळेना, तांदूळ मिळेना, रेशनच्या रांगा लागल्या. ज्यांनी कधी नाचणी हातात धरली नव्हती त्या बायका विचारायला लागल्या की याचं करायचं काय. तुम्ही ठिकठिकाणी जाऊन व्याख्यानं दिलीत, करून दाखवलंत, आणि मग ती पुस्तिका निघाली. पहिली प्रत तुम्ही स्वतः विंझरला आणून माझ्या हातात दिलीत आणि अंगणात निघून गेलात. मी चुलीच्या उजेडात पहिलं पान वाचलं.

"स्कॉटलंडच्या मिसेस गिलमोर यांच्या स्वयंपाकघरात मला या विषयाची प्रेरणा मिळाली. पाककृती जमवण्याच्या कामी एका ग्रामीण भगिनीचे साहाय्य झाले."

एका ग्रामीण भगिनीचे! जशी काही वाटेत पाणी प्यायला थांबलात आणि विहिरीवर कुणी भेटली. वहिनीसुद्धा नाही, भगिनी. त्या बाईंना नाव आहे, मिसेस आहे, गाव आहे, मुलूख आहे. मी अठरा पत्रं लिहिली, गाडगी मांडून रात्री मोजल्या, आणि मी कोण, तर एक. पान उलटलं तर आंबील. पीठ माझं, ताक माझं, मीठ मागून घालायचं तेही माझं. आणि लिहिलंय काय, तर पाच दिवस भिजत ठेवावे. पाच दिवस! ते त्या बाईंच्या बर्फाच्या मुलखातले पाच दिवस, ते तुम्ही माझ्या आंबिलीला लावलेत. पुढे वैशाखात पुण्याच्या बायकांनी पुस्तक वाचून पाच पाच दिवस पातेली झाकून ठेवली. घराघरांत दुर्गंधी सुटली. बोल कुणाला लागला? नाचणीला. म्हणाल्या, रानटी धान्य, सडणारच.

पण ते नंतरचं. ते पहिलं पान वाचलं तेव्हाच मी तुम्हाला अंगणातून आत बोलावलं. आठवतं?

"हे पाच दिवस कुणी सांगितले?"

"चूक झाली, वयनी. बाईंचं टिपण आन् तुमचं टिपण एकाच पानावर होतं."

"आणि ही ग्रामीण भगिनी? तीही चुकून छापली गेली?"

"फुडच्या छपाईला बघू," म्हणालात.

"पुढच्या छपाईला मी जिवंत असेन कशावरून?"

त्यानंतर जेवढ्या वेळा आलात तेवढ्या वेळा हेच. मी भाकरी थापता थापता बोलायचे, तुम्ही खाली मान घालून जेवायचात. म्हणायचे, तुम्हाला लाज वाटते माझी, तेव्हा भाकरीची वाटत होती तशीच. म्हणायचे, गोऱ्या बाईचं नाव घेतलं की चार सुशिक्षित टाळ्या वाजवतात, विंझरच्या बाईचं घेतलं तर हसतील, हे हिशेबात धरलंत तुम्ही. तुम्ही भाकरी तेवढी आणखी एक मागून घ्यायचात. आणि हे तिथेच बसलेले असायचे, तोंडात घास, नजर ताटात. मला वाटायचं, दोघा भावांमध्ये पडायचं नाही म्हणून गप्प आहेत. पाच वर्षं मला हेच वाटत राहिलं.

आज सकाळचं सांगते. पुण्याचे गृहस्थ रात्री मुक्कामाला राहिले होते. चहा घेताना त्यांनी यांना विचारलं, पुस्तिकेला अजून मागणी आहे, तुमच्या भावाची आठवण म्हणून पुन्हा छापू या का? काही दुरुस्ती असली तर सांगा.

"हाय तशी छापा," हे म्हणाले.

मी पदर सावरला आणि ओसरीवर आले. पाहुण्यांसमोर मी अशी कधी आले नव्हते. "दुरुस्ती आहे," मी म्हटलं. "आंबील थंडीत दोन रात्री, उन्हाळ्यात एक. लिहून घ्या." त्यांनी पेन्सिल काढून लिहून घेतलं. मग मी म्हटलं, "आणि त्या ग्रामीण भगिनीला नाव आहे. माझ्या दिरानं ते घातलं नाही. ते गेले, आता तुम्ही घाला."

गृहस्थ गोंधळले. म्हणाले, "वहिनी, नाव तर होतं. कच्च्या छपाईत बाईंच्याही वर होतं. मग ते स्वतः छापखान्यात आले आणि जुळवलेली ओळ काढायला लावली. मी कारण विचारलं, तर म्हणाले, घरून परवानगी नाही."

घरून. घरात कोण होतं, भाऊजी? मी होते, आणि हे होते.

मी यांच्याकडे बघितलं. यांनी कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्याच नगं म्हनलं."

"का?"

"छापल्यालं पुस्तक बाजारात जातं. आज वाचत्यात, उद्या रद्दीत घालत्यात. नसरापूरला वाणी त्या कागदात सुपारी बांधून देनार, आन् कुनाच्या बी खिशात माज्या बायकोचं नाव. म्या म्हनलं, माजी बायकू हाय, छापायची न्हाई."

"पत्रावर तर नाव होतं माझं. तुम्हीच टपालात टाकलीत."

"ती पाकिटात होती."

"आणि मला सांगितलं का नाहीत? मी पाच वर्षं त्यांना बोलत होते. तुमच्यासमोर बोलत होते!"

"तुला सांगू नगंस, आसं बी म्याच म्हनलं त्याला. तू रुसशील, घरात कटकट हुईल. त्यो म्हनाला, बरं दादा." यांनी कपबशी आणखी लांब सारली. "मला वाटलं, चार दिस बोलंल आन् इसरंल."

गृहस्थ बिचारे पेन्सिल धरून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग नाव काय घालू?" आणि विचारलं ते यांच्याकडे बघून! मी समोर उभी, आणि माझं नाव विचारायचं यांना. यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. लग्न झाल्यापासून यांनी मला 'अगं' शिवाय हाक मारलेली नाही, ते नाव तोंडातून येणार कुठून? मग मीच सांगितलं. जानकी. राहणार विंझर. ते लिहून होईपर्यंत मी तिथून हलले नाही. हे उठले, टोपी घातली आणि चहा अर्धा टाकून शेताकडे गेले.

नाव छापून येईल. यायलाच हवं होतं, त्याबद्दल मी कुणाचे आभार मानणार नाही. पण मी त्यासाठी हे लिहायला बसले नाही. तुमच्या शेवटच्या दिवसाचं सकाळपासून डोक्यातून जात नाही म्हणून बसले.

विषमज्वर वाढला तेव्हा तुम्हीच म्हणालात की मला विंझरला न्या. नसरापूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. आठ दिवस मी तुम्हाला नाचणीची पेज भरवली. मी मनात म्हणत होते, बरे व्हा एकदा, मग बोलतेच. आठव्या दिवशी दुपारी तुम्ही शुद्धीवर आलात. मी उशाशी बसून कपाळावरची ओली पट्टी बदलत होते. तुम्ही म्हणालात, "वयनी, माज्यावर रागवू नगा."

"का रागवू नको?" मी म्हटलं. "कारण तरी सांगा एक."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. दाराकडे बघितलंत. मग डोळे मिटून घेतलेत. मला वाटलं, मरायला टेकलात तरी टाळताय. मी ती पट्टी पिळली आणि तुमच्या कपाळावर ठेवली नाही, आपटली. पाणी तुमच्या डोळ्यांत गेलं, तेही पुसलं नाही. उठून चुलीशी गेले. संध्याकाळी तुम्ही गेलात.

दारात कोण उभं होतं, ते मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. तुम्ही दाराकडे कुणाला बघत होतात, ते आज यांचं बोलणं ऐकल्यावर कळलं. हे उभे होते. तेव्हा मी नुसती मान वळवली असती, तर यांच्या तोंडावर सगळं वाचलं असतं. मला वाचता येतं, भाऊजी.

मोठ्या भावाला दिलेला शब्द तुम्ही मरेपर्यंत पाळलात. गाव वाहवा करील, त्यांना करू दे. मी करणार नाही. पाच वर्षं तुम्ही माझे शिव्याशाप भाकरीबरोबर गिळलेत, आणि मला ज्याच्याशी भांडायचं होतं तो माणूस शेजारच्या पाटावर बसून आंबील पीत होता. एकदा, एकदा तरी मला सांगायचं होतंत. मी यांच्याशी काय भांडायचं ते भांडले असते, घरात कटकट झाली असती, दोन दिवस चूल पेटली नसती, आणि मग सगळं मिटलं असतं. तुमच्या तापलेल्या कपाळावर माझा शेवटचा हात पडला तो रागानं पडला. तो तसा पडायला नको होता. याबद्दल मी यांना माफ करणार नाही, तुम्हाला करणार नाही, आणि मला तर नाहीच नाही.